लाकडी दस्ता आणि त्यावरील ओरखडे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लाकूडकामासंबंधी काही बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली, तेव्हा देव्हारे, पाळणे, बैलगाड्या आणि जुन्या वाड्यांचे नक्षीदार खांब हे विषय माझ्या मनात क्रमाने आले आणि क्रमाने गेले. ह्या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळी ह्याच व्यासपीठावरून बोलून गेली आहेत. म्हणून मी आज एक थोडा आडवाटेचा विषय घेतला आहे. तो म्हणजे शिकारीच्या रायफलीचा लाकडी दस्ता.

मी शिकारी नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली, आणि ती झाली हे योग्यच झाले असे माझे मत आहे. परंतु अमेरिका, स्कॉटलंड, जर्मनी, न्यूझीलंड इत्यादी देशांत हरणासारख्या प्राण्यांची शिकार कायद्याच्या नियमांत राहून आजही चालते. तेथील शिकाऱ्यांमध्ये एक वाद बरीच वर्षे चालू आहे. तो वाचताना मला वारंवार वाटत आले की, हा वाद वस्तुतः आपल्या, म्हणजे रंधा आणि पटाशी हाती धरणाऱ्या माणसांच्या घरचा आहे.

वाद असा. एखादा मनुष्य पुष्कळ पैसे खर्चून उत्तम अक्रोडाच्या दस्त्याची रायफल घेतो. त्या लाकडात धुराच्या वलयांसारख्या काळ्या-तपकिरी रेघा असतात, मुठीपाशी हाताने खोदलेली बारीक जाळी असते, आणि तेलाने मुरवलेल्या पृष्ठभागाला मऊ, खोल अशी झळाळी असते. पुढे शिकारीचा हंगाम येतो. पहाटे निघताना हा गृहस्थ ती रायफल पोलादी कपाटात तशीच ठेवतो आणि प्लॅस्टिकच्या दस्त्याची दुसरी रायफल खांद्याला लावून डोंगर चढतो. कारण विचारावे तर म्हणतो, ओरखडे पडतील! दुसरा पक्ष त्याला हसतो. हा पक्ष म्हणतो, लाकूड आहे, ओरखडे पडणारच, आणि पडले म्हणून बिघडले काय?

माझे मत दुसऱ्या पक्षाचे आहे. परंतु ते केवळ भावनेने झालेले नाही. त्यामागे लाकडाच्या स्वभावाची काही कारणे आहेत, आणि ती आपल्यासारख्या श्रोत्यांपुढे मांडण्यात मला विशेष आनंद आहे, कारण निम्म्या गोष्टी मला समजावूनच सांगाव्या लागणार नाहीत.

दस्ता म्हणजे रायफलीचे धरावयाचे लाकूड, हे आपण जाणतोच. त्याचा मागचा रुंद भाग खांद्याला टेकतो, पुढचा भाग नळीखालून जातो, आणि ह्या दोहोंमध्ये जी निमुळती जागा हातात मुठीने धरतात तिला कारागीर मनगट म्हणतात. काडतूस उडताच जो धक्का मागे येतो, तो लोखंडाकडून लाकडाकडे आणि लाकडाकडून खांद्याकडे जातो. दस्ता मोडतो तो बहुधा मनगटाशी. कारण तेथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि आतून यंत्रासाठी पोखरलेले असते. म्हणून जाणता कारागीर फळीवर आकृती आखतानाच अशी बेतबात करतो की, मनगटातून तंतू सरळ, लांबीच्या दिशेने जावेत, आणि रेघांची नक्षी मागच्या रुंद भागात यावी. कुऱ्हाडीचा दांडा निवडताना आपण जे पाहतो तेच तो पाहतो. देखणा तुकडा मिळाला म्हणून वळणावळणाची नक्षी मनगटात आणणारा कारागीर लाकडाशीही अप्रामाणिक आणि गिऱ्हाइकाशीही.

आता अक्रोडच का, हा प्रश्न कोणीतरी विचारीलच. साग आपला इतका भरवशाचा, मग तो का नको? साग टिकाऊ आहे, पाण्याला हार जात नाही, हे खरे. परंतु त्यात हत्याराची धार बोथट करणारी वाळूसारखी कणी असते, हे ज्याने सागावर दिवसभर पटाशी चालविली आहे त्याला सांगावयास नको. आणि अगदी बारीक जाळी खोदू लागले की त्याचे टोकदार कण निखळतात. शिसव देखणी, पण जड. अक्रोड मात्र वजनाला बेताचा, धक्का सोसणारा, एकदा नीट वाळला म्हणजे फारसा हलत नाही, आणि इंचाला वीस-बावीस रेघांची जाळी त्यावर खोदली तरी तिची धार उभी राहते. युरोप-आशियातला अक्रोड आणि अमेरिकेतला काळा अक्रोड, दोन्ही ह्या कामी चालतात. पैकी पहिला अधिक मानाचा. काश्मीरचा अक्रोड हा ह्या पहिल्याच जातीचा आहे. श्रीनगरात आजही बंदुका घडविणारे कारखाने आहेत आणि त्यांचे दस्ते अक्रोडाचेच असतात. झाडाच्या बुंध्याशी, जेथे मुळे फुटतात, तेथले लाकूड सर्वांत गडद आणि चित्रमय असते. तेथील नक्षीकाम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे आणि लंडनच्या बंदूककारांनाही ठाऊक होते.

असा हा दस्ता मुळात डोंगरात नेण्यासाठी केलेला असतो. ह्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली कुमाऊंतील चंपावत येथे एक नरभक्षक वाघीण मारली. नेपाळात आणि कुमाऊंत मिळून तिने ४३६ माणसे मारल्याचे सांगतात. ह्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटना लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट टू सेव्हन्टी फाइव्ह मापाची रायफल भेट दिली. दस्ता अक्रोडाचा, आणि त्यावर भेटीचा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी. अशी वस्तू आपल्यापैकी कोणाच्या घरी आली असती तर तिचे काय झाले असते? काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवून शेजारी लाटसाहेबांचे छायाचित्र लावले असते, आणि पोरांनी हात लावू नये म्हणून किल्ली आजीच्या कनवटीला गेली असती! कॉर्बेटनी तसे केले नाही. ती हलकी रायफल त्यांना पसंत पडली आणि ते ती वर्षानुवर्षे रानातून वागवीत राहिले. पुढे १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी मारला तो ह्याच रायफलीने. त्या बिबट्याने सव्वाशे माणसे खाल्ल्याची नोंद होती, आणि त्याच्या मागावर त्यांनी किती रात्री झाडावर, किती दिवस खडकांतून काढले, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. अशा फिरण्यात लाकूड झाडाच्या सालीवर घासते, दगडावर आपटते, पावसात भिजते. १९५५ साली कॉर्बेट केनियात वारले. रायफल आधी त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि पुढे पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. तिच्यावरील वापराच्या खुणा कोणी पुसून टाकल्या नाहीत. आज तिची जी किंमत आहे ती त्या खुणांसकट आहे.

अमेरिकेत जॅक ओ'कॉनर नावाचे एक लेखक होऊन गेले. 'आउटडोअर लाइफ' मासिकात त्यांनी तीन दशके बंदुकांविषयी लिहिले; १९७८ साली ते निवर्तले. १९३६ साली निघालेली विंचेस्टर कंपनीची 'मॉडेल ७०' ही रायफल त्यांच्या विशेष आवडीची. तिचे दस्ते ते स्पोकेन शहरातील अल बीसेन ह्या कारागिराकडून करवून घेत. फ्रान्सचा अक्रोड, हाताने पाडलेली जाळी, रेखीव बांधा, असे ते काम पाहून आजही कारागीर माना डोलावतात. आणि ह्या रायफली घेऊन ओ'कॉनर उंच पर्वतांतल्या रानमेंढ्यांच्या मागे जात. तेथे घोड्याच्या खोगिराला बांधलेल्या चामडी म्यानात रायफल दिवसचे दिवस घासत राहते. बीसेन यांना हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी तसे लाकूड निवडले.

आता ओरखड्यांकडेच वळू. सरसकट 'ओरखडे' म्हणणे आपल्यासारख्यांना शोभत नाही. लाकडावरील जखमा तीन प्रकारच्या. पहिली नुसत्या लेपावरची; तेलाचा बोळा फिरविला की ती दिसेनाशी होते. दुसरी म्हणजे पोचा. येथे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्तरी क्षणभर टेकवावी. वाफ तंतूंत शिरते, ते फुगतात आणि खड्डा वर येतो. दोन-तीन वेळा केले तर पुष्कळदा जागाही सापडत नाही. तिसरी जखम म्हणजे खरवड, जेथे तंतू कापले गेले आहेत. तुटलेला तंतू वाफेने फुगून परत येत नाही. ती खूण राहते. ती राहू द्यावी. तिच्यासाठी सबंध दस्ता काचकागदाने घासावयास बसणे हा माझ्या मते गुन्हा आहे. चांगला बंदूककार लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवतो. पुढे पन्नास वर्षांनी कधी घासावे लागलेच तर शिल्लक असावी, हा त्यामागील एक हेतू. उतावळा मनुष्य एका दुपारी ती सगळी शिल्लक उडवितो. मग लोखंडाच्या कडा लाकडाबाहेर डोकावू लागतात आणि जाळी बोथट होते. जुन्या, नामांकित बंदुकीवर असा प्रयोग झाला की तिची किंमतही जाते.

दुरुस्ती सोपी की अवघड हे लेपावर अवलंबून असते. जुनी इंग्रजी रीत जवसाच्या तेलाची. क्रिकेटची बॅट ज्यांनी तेल पाजून तयार केली आहे त्यांना हा वास ओळखीचा वाटेल. लंडनचे कारागीर ह्या तेलात लाली यावी म्हणून एक मूळ भिजत घालीत, आणि ते मूळ म्हणजे आपल्याकडे मसाल्याच्या दुकानात मिळते तसलेच रतनजोत. तेल हाताच्या तळव्याने चोळावयाचे, पुसावयाचे, वाळू द्यावयाचे. कारखान्यांतून एक हिशेब सांगतात: आठवडाभर रोज, मग महिनाभर दर आठवड्यास, मग वर्षभर दर महिन्यास, आणि पुढे आयुष्यभर दर वर्षास एकदा. ह्या हिशेबातच दस्ता वापरण्यासाठी आहे हे गृहीत धरलेले आहे. (जाता जाता एक सूचना. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेट घेतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात टाकावेत.) ह्याउलट काचेसारखा चकचकीत, कठीण लेप. १९६२ साली निघालेल्या रेमिंग्टन ७०० रायफलीच्या भारी नमुन्यावर असा लेप होता. दुकानात तो डोळ्यांत भरतो, पाणीही चांगले अडवितो. पण त्यावर रेघ उठली की पांढरी दिसते आणि तेवढ्यापुरती दुरुस्ती होत नाही; सारा लेप उतरवावा लागतो. ओरखड्यांची एवढी धास्ती जी पसरली, तिचे अर्धे श्रेय मी ह्या चकाकीला देतो.

माझ्या म्हणण्याचा गाभा मात्र पुढेच आहे. दस्ता खरोखर मरतो तो ओरखड्यांनी नव्हे. तो पुष्कळदा मरतो कपाटात.

कपाटात ठेवणारा गृहस्थ प्रेमळ असतो. गंज लागू नये म्हणून तो लोखंडाला भरपूर तेल देतो आणि रायफल तोंड वर करून उभी ठेवतो. ते तेल वर्षानुवर्षे हळूहळू खाली उतरते आणि जेथे यंत्राची शेपटी लाकडात बसते नेमक्या त्या जागी, मनगटाच्या माथ्याशी, मुरते. हे जवसासारखे वाळणारे तेल नव्हे. लाकूड काळे पडते, मऊ होते, तंतूंची पकड सुटते. वरून दस्ता आरशासारखा! मग एके दिवशी चार काडतुसे उडविली की शेपटीमागून उभी चीर जाते. तिकडे थंड देशांत हिवाळ्यात घरे तापविलेली असतात. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसते, स्क्रू सैल पडतात. सैल बसलेले लोखंड धक्क्यासरशी लाकडाला पाचरीसारखे फाडते. आणि कोणी चामड्याच्या किंवा कापडी खोळीत गुंडाळून ठेवली तर खोळ दमटपणा धरते आणि लोखंड गंजते.

वापरणाऱ्याचे असे होत नाही, कारण तो पाहतो. संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर तो रायफल पुसतो, स्क्रू हलतो की काय ते चाचपतो, बोटाला चीर लागली तर दिवा जवळ आणतो. तेल दिल्यावर ती तोंड खाली करून ठेवतो. मुरलेले तेल काढावयाचे तर खडूची बारीक भुकटी लावून मंद ऊब द्यावी म्हणजे भुकटी ते ओढून घेते, हेही त्याला माहीत असते. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि हत्यारे पुसून, फूल वाहून ठेवतात. त्या दिवशी त्यांना कामाला लावीत नाहीत. पण तो एक दिवस. वर्षभर पूजेतच राहिलेल्या रंध्याचे पाते कसे होते ते आपण जाणतो.

आता प्रतिपक्षाची बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ओरखड्यांविषयीचे त्याचे म्हणणे मी मानीत नाही, पण पाण्याविषयीचे मानतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सहज पटेल. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र वाढते, आणि सगळीकडे सारखे वाढत नाही. दस्त्याचा पुढचा भाग असा पिळवटला की तो नळीला एका बाजूने दाबू लागतो, आणि नेम जेथे धरला तेथे गोळी लागत नाही. शिकारीत ही केवळ गैरसोय नव्हे. गोळी चार बोटे चुकली म्हणजे जनावर मरत नाही, जखमी होऊन दूर जाते आणि हाल होऊन मरते. अलास्काच्या किनाऱ्यावर किंवा स्कॉटलंडच्या डोंगरात आठवडाभर संततधारेत हिंडणाऱ्याने प्लॅस्टिकचा दस्ता घेतला तर मी त्याला नावे ठेवणार नाही.

परंतु ह्यावर कारागिरांनी उपाय केलेले आहेत. नळीखालचे लाकूड एवढे खोल घ्यावयाचे की कागदाची घडी मधून सरकावी. मग लाकूड थोडे हलले तरी नळीला स्पर्श करीत नाही. यंत्र बसते ती खाच घट्ट होणाऱ्या राळेने बसवून घ्यावयाची, म्हणजे लोखंडाला बूड पक्के मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, आतली बाजू तेलाने किंवा रोगणाने बंद करावयाची. पुष्कळ कारखाने बाहेरून झगझगीत लेप देतात आणि नळीखालची खाच व कुंद्याच्या पट्टीमागची बाजू कोरी ठेवतात. ती बाजू म्हणजे आडवे कापलेले टोक! लाकूड पाणी पिते ते तेथूनच, हे आपल्या कारखान्यातल्या उमेदवार पोरालाही ठाऊक असते. मग दोष लाकडाला का द्यावा?

लष्करांनाही हे प्रश्न पडले होते. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी थ्री-नॉट-थ्री रायफल अनेक दशके दिसे, तिच्या भारतीय बनावटीच्या दस्त्यात एक आडवा स्क्रू घातलेला असे, लाकूड फाटू नये म्हणून. जर्मनांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बीच लाकडाचे पातळ थर राळेने चिकटवून माउझर रायफलींचे दस्ते करावयास आरंभ केला. ते कमी पिळवटत, आणि अक्रोड वर्षानुवर्षे वाळवीत बसण्याची गरज उरली नाही. आज शिकाऱ्यांसाठीही असे थरांचे दस्ते मिळतात. मला ते दिसावयास आवडत नाहीत, पण त्यांच्या गुणाविषयी शंका नाही. प्लॅस्टिकचे म्हणावे तर १९५९ साली रेमिंग्टनने नायलॉनच्या दस्त्याची एक छोटी रायफल काढली आणि ती खूप खपली. पुढे अमेरिकेच्या सैन्यातही लाकूड मागे पडले. सैन्याचे गणित निराळे असते. तेथे लाखो दस्ते एकसारखे हवे असतात, आणि कोणीही शिपाई आपली रायफल मुलाला देऊन जात नाही.

शिकारी मात्र देतो. आणि येथे मला आपल्या धंद्याची एक अडचण बोलून दाखवावीशी वाटते. उत्तम दस्ता करणाऱ्याचे पोट गिऱ्हाइकांच्या कपाटांवर फार काळ भरत नाही. वस्तू वापरली तर जाळी झिजते आणि ती पुन्हा खोदावयास कारागिराकडे येते. मनगट मुलाच्या हाताला मोठे वाटते म्हणून ते बेतावयास येते. कुंदा आखूड करावयास येते. वस्तू आणि कारागीर यांचे येणेजाणे राहते. ज्या दिवशी गिऱ्हाईक म्हणते, 'इतके सुंदर केलेत की वापरावयास मन धजत नाही', त्या दिवशी आपली स्तुती होते आणि पुढचे काम बंद पडते. आपल्यापैकी कित्येकांनी शिसवी झोपाळा नाहीतर सागाचे मेज करून दिले आहे, आणि काही वर्षांनी त्या घरी गेल्यावर ते प्लॅस्टिकच्या आवरणाखाली गुदमरलेले पाहिले आहे. त्या मेजावर कधी मुलांनी शाई सांडलेली नसते, कोणी पोळपाट टेकलेला नसतो, आणि म्हणून कोणी आपल्याला बोलावलेलेही नसते.

बोलण्याची वेळ संपत आली आहे. समोरच्या मेजावर मी अक्रोडाचे तीन तुकडे ठेवले आहेत: एक कोरा, एक जवसाचे तेल दिलेला आणि एक कठीण रोगण लावलेला. तिन्हींवर मी आज सकाळी हातोडीने एकएक पोचा पाडला आहे आणि खिळ्याने एकएक रेघ ओढली आहे. इस्तरी तापत ठेवली आहे, फडके आणि पाणी आहे, तेलाची बाटली आहे. चहा होईपर्यंत ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पुढे यावे आणि कोणता तुकडा कितपत सुधारतो ते आपल्या हातांनी करून पाहावे. उमेदवार मुलांना आधी येऊ द्या. रोगणाच्या तुकड्यावर इस्तरी टेकविताना मात्र जपा, त्याचा वास डोळ्यांना झोंबतो.